बरोबरीत सुटलेला डाव जिंकता आला असता का? हे असं तपासा

डाव बरोबरीत सुटला की खेळाडू दोनपैकी एक वाक्य हमखास बोलतो. एक तर ‘जिंकलेला डाव घालवला’, नाहीतर ‘त्यात काही नव्हतंच’. मी सांगलीत संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवते आणि ही दोन्ही वाक्यं पुराव्याशिवाय मान्य करत नाही. हरलेला डाव मुलं स्वतःहून उघडतात, कारण तो मनात सलत असतो. जिंकलेला डाव कौतुकानं दाखवतात. बरोबरीचा, म्हणजे अर्ध्या गुणाचा डाव मात्र वहीत तसाच पडून राहतो. त्यातली चूक सहज दिसत नाही, कारण तिची शिक्षाही अर्धीच झालेली असते. म्हणून ती पुढच्या स्पर्धेत पुन्हा होते. ती कशी शोधायची, ते माझ्या पद्धतीनं सांगते.

आधी कागद, मग संगणक

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्राम, न उघडणं. स्कोअरशीट, म्हणजे डावाच्या चाली नोंदवलेला कागद, पुढे घ्या, पट मांडा आणि पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहा: कोणत्या चालीला आपण जिंकतोय असं वाटलं, कोणत्या चालीला ते वाटणं संपलं, आणि कुठे भीती वाटली. हे त्याच दिवशी व्हायला हवं. एकदा कुणाची स्थिती किती चांगली ते सांगणारा इंजिनचा आकडा पाहिला की आपल्याला काय वाटलं होतं ते खरेपणानं आठवत नाही, मन त्या आकड्याशी जुळवून घेतं.

घड्याळाच्या वेळा असतील तर उत्तमच. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांनुसार स्कोअरशीटवर चालींबरोबर घड्याळाची वेळ आणि बरोबरीचा प्रस्ताव लिहिता येतो. प्रस्ताव तर बरोबरचं चिन्ह काढून नोंदवायचाच असतो. माझ्या वर्गातली मुलं दर पाच चालींनी उरलेली मिनिटं लिहितात. प्रत्येक चालीला ३० सेकंद मिळणाऱ्या डावात शेवटपर्यंत नोंद करावीच लागते. तशी वाढ नसलेल्या डावात पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला की नोंद थांबवायची मुभा असते, आणि नेमका तोच भाग आपल्याला लागतो. अशा वेळी हॉलबाहेर पडल्या पडल्या प्रतिस्पर्ध्याला गाठा आणि शेवटच्या चाली दोघं मिळून आठवा. त्याला कुठे आपण हरतोय असं वाटलं, हेही विचारून घ्या. ती माहिती कोणत्याही इंजिनकडे नसते.

प्रश्न एक नाही, दोन आहेत

‘डाव जिंकलेला होता का?’ हा पटावरच्या स्थितीबद्दलचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर हो किंवा नाही, समोरच्यानं सर्वोत्तम बचाव केला असं धरून. ‘मला जिंकता आला असता का?’ हा माणसाबद्दलचा प्रश्न आहे: त्या घड्याळावर, त्या थकव्यात, तेवढ्या ज्ञानावर. दोन्हींची सरमिसळ झाली की मूल एक तर स्वतःला उगाच कोसत बसतं, नाहीतर उगाच माफ करतं. आधी पहिल्याचा निकाल लावायचा, मगच दुसऱ्याकडे वळायचं.

शेवटापासून मागे चला

बहुतेकजण डाव पहिल्या चालीपासून तपासतात आणि ओपनिंगच्या, म्हणजे सुरुवातीच्या चालींच्या, जंगलात दमून जातात. बरोबरीचा डाव शेवटाकडून तपासावा. शेवटची स्थिती बरोबरीची आहे हे तर ठाऊकच आहे. एक चाल मागे जा: इथे जिंकता येत होतं? नाही. आणखी एक मागे. असं करत ज्या चालीआधी ‘हो’ आणि जिच्यानंतर ‘नाही’ येतं, ती चाल सापडली की निम्मं काम झालं.

सातवीतल्या एका मुलीचा शेवट घ्या (घराच्या नावात अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या रांगेचा). पांढरा राजा डी४ वर, पांढरं प्यादं ई२ वर, काळा राजा डी६ वर, चाल पांढऱ्याची. बाकी पट रिकामा. तिनं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, ई४. पुढे असं झालं: काळा राजा ई६, प्यादं ई५, राजा ई७, राजा डी५, राजा डी७, प्यादं ई६ शह, राजा ई७, राजा ई५, राजा ई८, राजा डी६, राजा डी८, प्यादं ई७ शह, राजा ई८, राजा ई६, आणि काळ्याला शह नाही, पण चालही नाही. स्टेलमेट, म्हणजे बरोबरी.

तिचं म्हणणं होतं, ‘ताई, शेवटची चाल चुकली, राजा ई६ वर न्यायला नको होता.’ मग मागे मागे गेलो. शेवटी राजा ई६ वर नेला नसता तर प्यादं गेलं असतं, म्हणजे तरीही बरोबरीच. त्याआधी शह देण्याऐवजी राजा दुसरीकडे नेला असता तर? काळा राजा आरामात ई८ ला परतला असता. त्याआधी ई६ चा शह टाळला असता तर? काळा राजा समोर येऊन उभा राहिलाच असता. मागे सरकत सरकत आम्ही पहिल्याच चालीपाशी आलो. डाव तिथे सुटला होता. पुढच्या सगळ्या चाली आधीच झालेल्या बरोबरीतल्या होत्या.

आता तीच स्थिती पुन्हा मांडा आणि प्यादं फक्त एकच घर हलवा, ई३. काळा राजा ई६ ला आला तर पांढरा राजा ई४ वर, दोन्ही राजे समोरासमोर आणि चाल काळ्याची, यालाच अपोझिशन म्हणतात. काळ्याला बाजूला व्हावंच लागतं. तो डी६ ला गेला तर पांढरा राजा एफ५, तो एफ६ ला गेला तर डी५. तिथून पुढे प्याद्याला कुणी अडवू शकत नाही. ई४ मध्ये बिघडलं एवढंच, की प्याद्याकडे राखून ठेवलेली ती एक चाल नको तेव्हा खर्च झाली. ई३ मध्ये तीच चाल अपोझिशन मिळवण्यासाठी कामी येते.

इथे मी मुलांना आणखी एक काम देते: जिंकणाऱ्या चाली किती होत्या ते मोजा. या स्थितीत राजा ई४ नेला तरी डाव जिंकलेलाच राहतो, कारण ई३ ची चाल हातात उरते. म्हणजे रस्ता एकच नव्हता. तिच्या कागदावर घड्याळात बरीच मिनिटं शिल्लक होती आणि ई४ ही चाल जवळपास न थांबता केलेली होती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं: हो, तिला जिंकता आला असता, आणि त्यासाठी शिकायची गोष्ट नेमकी एकच आहे.

मारामारीच्या जागा

मागे चालताना प्रत्येक मारामारीपाशी थांबा. विजय सर्वात जास्त निसटतो तो एका प्रकारच्या शेवटातून दुसऱ्या प्रकारात जाताना. प्यादं मारलं म्हणजे फायदाच झाला, असं हाताला वाटतं आणि डोकं मागून येतं.

हे पटावर मांडा. पांढरा: राजा एफ४, उंट ई२, प्यादी जी४ आणि एच४. काळा: राजा जी६, प्यादं एच५. चाल पांढऱ्याची. जी प्याद्यानं एच५ मारलं की शहही बसतो आणि प्यादं फुकटात मिळतं. काळा राजा एच६ ला जातो, तिथून जी७ आणि एच८ च्या कोपऱ्यात बसतो, आणि पांढऱ्याकडे एक उंट आणि दोन प्यादी जास्त असूनही डाव बरोबरीत. एच८ हे घर काळं आणि ई२ वरचा उंट पांढऱ्या घरांचा. तो त्या कोपऱ्यातून राजाला कधीच हुसकावू शकत नाही. एच पट्टीत एकामागे एक दोन प्यादी असली तरी फरक पडत नाही.

त्याऐवजी जी५ खेळून पाहा. काळ्या राजाला एफ५, एफ६, एच६ ही घरं बंद होतात. त्याला एफ७, जी७ किंवा एच७ इथेच जावं लागतं, आणि तिन्ही वेळा एच५ चं प्यादं निराधार होतं. उंट ते मारतो. आता पांढऱ्याकडे जी आणि एच अशी शेजारशेजारची दोन प्यादी आहेत आणि विजय सरळ आहे. म्हणून मारामारीपाशी थांबून विचारायचं ते असं: ‘मारल्यावर माझी कोणती प्यादी उरतील, कोणत्या पट्ट्यांत, आणि माझा उंट शेवटच्या घराच्या रंगाचा आहे का?’

हत्तीच्या शेवटांतही हेच. एक हत्ती आणि एक प्यादं विरुद्ध हत्ती अशा शेवटात दोन खुणा ओळखता आल्या की बरंच काम होतं. प्यादं सातव्या रांगेत, आपला राजा त्याच्या पुढच्या घरात आणि समोरचा राजा बाजूला अडवलेला असेल तर ती लुसेनाची स्थिती. प्यादं कडेच्या पट्टीत नसेल तर हत्ती चौथ्या रांगेत आणून जिंकता येतं. बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्यासमोर आणि हत्ती त्याच्या बाजूनं मोजलेल्या तिसऱ्या रांगेत पहारा देत असेल, तर फिलिडोरची बरोबरी. तुमचा डाव या दोहोंपैकी कुठल्या दिशेनं सरकत होता आणि कोणत्या चालीला दिशा बदलली, ते शोधा.

टेबलबेस कुठे, इंजिन कुठे

पटावर दोन्ही राजे धरून सात किंवा त्याहून कमी मोहरे असतील तर अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. टेबलबेस म्हणजे थोड्या मोहऱ्यांच्या प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल साठवलेला संग्रह; सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचे सिझिजी नावाचे टेबलबेस २०१८ पासून पूर्ण आहेत. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या विश्लेषणाच्या पटावर ती स्थिती मांडली की जिंकणाऱ्या, बरोबरीच्या आणि हरणाऱ्या चाली वेगवेगळ्या दिसतात, तेही फुकट. वरच्या दोन्ही स्थिती तिथे मांडून पडताळा. मुलांना मी हे करायला लावतेच, ताईनं सांगितलं म्हणून मान्य करायचं नाही.

तिथे दोन गोष्टींकडे लक्ष असू द्या. चालीपुढचा आकडा नेहमी ‘इतक्या चालींत मात’ असा नसतो. बऱ्याचदा तो पुढची प्याद्याची चाल किंवा मारामारी किती दूर आहे ते सांगतो. आणि काही विजय ५० चालींच्या नियमात (तेवढ्या चालींत प्यादं हललं नाही आणि मारामारी झाली नाही तर बरोबरी) अडकतात: मात शक्य आहे, पण त्याआधीच समोरचा बरोबरी मागू शकतो. सात मोहऱ्यांत मात होण्यासाठी ५४९ चाली लागणारी स्थितीसुद्धा सापडलेली आहे. स्पर्धेच्या हिशोबात असा डाव बरोबरीचाच धरा.

सातपेक्षा जास्त मोहरे असतील तेव्हा इंजिन लागतं आणि तिथे घाई नको. ‘+१ दाखवतंय म्हणजे जिंकलेला होता’ हे वाक्य वर्गात मी सर्वात जास्त वेळा खोडते. स्टॉकफिश या इंजिनच्या १५.१ आवृत्तीपासून +१ चा अर्थ असा ठरवलेला आहे की इंजिन स्वतःशीच खेळलं तर जिंकण्याची शक्यता सुमारे निम्मी. उरलेल्या निम्म्यात बहुतेक बरोबरी! त्यामुळे आकडा कुठे उडी मारतो ते पाहा, पण निकाल मात्र त्या चाली पुढे खेळून पाहिल्यावर द्या. इंजिनची सुचवलेली ओळ, म्हणजे चालींचा क्रम, पंधरा-वीस चाली पुढे न्या. आकडा वाढत गेला, मोहरे कमी होत गेले आणि शेवटी टेबलबेसनं विजय दाखवला, तर डाव जिंकलेला होता. आकडा तिथेच रेंगाळला तर तटबंदी, म्हणजे मोहरे कमी असूनही न फुटणारा बचाव, असण्याची शक्यता मोठी. विरुद्ध रंगांच्या उंटांच्या शेवटात दोन प्यादी जास्त असूनही डाव बरोबरीत राहू शकतो, तिथे तर आकड्यावर मुळीच विसंबू नका.

समोरच्याची बाजूही तितक्याच जोरात लढवा

‘मी हे खेळलो असतो तर जिंकलो असतो’ असं म्हणणारा माणूस समोरच्यासाठी चांगल्या चाली शोधत नाही. हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. १९६२ च्या वर्ना ऑलिम्पियाडमध्ये विश्वविजेता मिखाईल बॉटविनिक आणि १९ वर्षांचा बॉबी फिशर यांचा डाव झाला. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या फिशरकडे एक प्यादं जास्त होतं आणि हत्तीच्या शेवटात डाव तहकूब झाला. रात्रीच्या विश्लेषणात सोव्हिएत संघातल्या येफिम गेलरला बचावाची कल्पना सापडली आणि डाव बरोबरीत सुटला. फिशरनं पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं की मला हा जिंकता आला असता. बॉटविनिकला ते मान्य नव्हतं. वाद इतका लांबला, की बऱ्याच वर्षांनी बॉटविनिकच्या शाळेत शिकणाऱ्या लहानग्या गॅरी कास्पारोव्हनंही त्यात बचावाची वाट शोधून दाखवली. टेबलबेस नसलेल्या काळातल्या या लोकांनी एका अर्ध्या गुणासाठी किती कष्ट घेतले, हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणून तुमची ‘जिंकणारी’ चाल सापडली की पट फिरवा. आता तुम्ही बचाव करणारे आहात, दुसऱ्या बाजूनं कुणी मित्र किंवा इंजिन खेळेल. खरोखर तळमळीनं बचाव करा. मग पुन्हा फिरवा आणि जिंकणाऱ्या बाजूनं इंजिनविरुद्ध खेळा. ई३ च्या त्या साध्या स्थितीतही बरीच मुलं पहिल्या खेपेला पुन्हा बरोबरी करतात. ‘जिंकलेला होता’ हे कळणं आणि जिंकून दाखवणं यांतलं अंतर तिथेच मोजता येतं.

सापडणं शक्य होतं का?

आता दुसरा प्रश्न. २०१८ मध्ये लंडनला झालेल्या मॅग्नस कार्लसन आणि फॅबियानो कारुआना यांच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत बाराही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांवर लागला. सहाव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कारुआनाला ६८ व्या चालीला उंट एच४ खेळून जिंकता आलं असतं, असं महासंगणकानं दाखवलं. पण पुढच्या ओळीत घोडा जी१ वर नेऊन स्वतःच कोंडून घ्यावा लागत होता. कोणताही माणूस आपला घोडा असा आपणहून अडकवणार नाही, असं कास्पारोव्हचं मत पडलं. डाव जिंकलेला होता हे खरं, आणि म्हणून कारुआनानं तो ‘घालवला’ असं मात्र मी म्हणणार नाही.

हे ठरवायला मी तीन गोष्टी पाहते. जिंकणारी चाल एकच होती की अनेक. सलग किती वेळा अशी एकुलती एक चाल शोधावी लागत होती. आणि ती चाल कोणत्या ओळखीच्या कल्पनेतून येते का. सलग पाच-सहा एकुलत्या चाली, त्याही अनोळखी, आणि घड्याळात दोन मिनिटं: सोडून द्या. एकच चाल, अपोझिशनसारख्या ओळखीच्या कल्पनेतली, आणि घड्याळात वेळ: ती सापडायलाच हवी होती.

ठरवून घेतलेली बरोबरी हा वेगळा प्रकार. तिथे प्रस्ताव दिला किंवा स्वीकारला त्या क्षणाची स्थिती, दोघांची घड्याळं आणि स्पर्धेतली गरज अशी तिन्ही पाहा. २०१२ मध्ये मॉस्कोत विश्वनाथन आनंदनं बोरिस गेलफांडविरुद्धच्या बाराव्या डावात २२ चालींतच बरोबरी केली. स्थिती त्याची बरी होती, वेळही जास्त होता, आणि टीका भरपूर झाली. त्यानंतरचे जलद डाव जिंकून विश्वविजेतेपद त्यानं राखलं. मुलांच्या स्पर्धेत मात्र मी वेगळा नियम लावते: प्रस्ताव घेताना पटावर जिंकण्याची एक जरी सोपी योजना शिल्लक होती, तर ती मांडून शेवटपर्यंत खेळून दाखवायची.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक बरोबरीच्या डावाखाली तीनपैकी एक शेरा. ‘होता, आणि दिसायला हवा होता’ असेल तर ती स्थिती आकृतीसह वहीत उतरवा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळा. ‘होता, पण आवाक्याबाहेर’ असेल तर ओळ एकदा मजेनं पाहा आणि पुढे चला. ‘नव्हताच’ असेल तर काम संपत नाही. तेव्हा डावाच्या मध्यावर जा आणि आपली स्थिती सर्वात चांगली कधी होती ती चाल शोधा. तिच्यानंतरच्या चार-पाच चालींत वजिरांची मारामारी झाली का, प्यादी भराभर बदलली गेली का, समोरच्याचा एकुलता एक त्रास आपणच सोडवला का, ते पाहा. आणि त्याच डावात समोरच्याला जिंकता आलं असतं का, हेही त्याच कसोटीनं तपासा. अर्धा गुण कधी कधी आपण वाचवलेलाही असतो, आणि तो कोणत्या चालीनं वाचला तेही वहीत उतरवून ठेवायचं.